भिंतीवरचा गरम-थंड एसी: आधी बाहेरची जागा ठरवा, मग आतली भिंत

आमचा पहिला एसी २०१८ च्या एप्रिलमध्ये आला. सांगलीच्या गावभागातलं जुनं घर, वडिलांची मागची खोली. दुकानातून निघताना डोक्यात एकच विचार होता: आत कुठे चांगला दिसेल? पलंगासमोरची भिंत ठरली. फिटर आला, दीड तासात काम उरकून गेला. बाहेरचं युनिट त्यानं बोळात दोन विटांवर ठेवलं. जूनमध्ये खोलीतल्या भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. बोळात सुटणारी गरम हवा चुलत्यांच्या खिडकीत शिरते म्हणून काकूंनी बोलणं टाकलं. आणि पुढच्या वर्षी ऑगस्टात कृष्णामाई आली ती विटांसकट आउटडोअर पोटात घेऊनच गेली.

तिन्ही भानगडींचं मूळ एकच होतं. आम्ही आतून बाहेर गेलो होतो. गेल्या वर्षी विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये आईच्या खोलीसाठी गरम-थंड एसी घेतला, तेव्हा क्रम उलटा केला: आधी आउटडोअर कुठे, मग पाणी कुठे जाणार, मग वायर, आणि आतली भिंत सगळ्यात शेवटी. खाली लिहिलंय ते त्याच क्रमानं.

गरम हवं का, हे आधी स्वतःला विचारा

खरं सांगायचं तर सांगली-मिरजेत बहुतेक घरांना साधा थंड एसी पुरतो. डिसेंबर-जानेवारीतली पहाट सोडली तर इथे खोली गरम करायची वेळ येत नाही. पण घरात संधिवाताचं म्हातारं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, किंवा घर सातारा, वाई, पाचगणीच्या बाजूला असेल तर गोष्ट वेगळी. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठावर काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात, तिथे तर गरम हवेचा उपयोग उन्हाळ्यातल्या थंडपेक्षा जास्त.

गरम-थंड एसीत वेगळा हीटर बसवलेला नसतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गॅसचा प्रवाह उलटा फिरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. उन्हाळ्यात यंत्र खोलीतली उष्णता बाहेर नेऊन टाकतं, हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतं. त्यामुळे कॉइलचा हीटर एक युनिट विजेत एक युनिट उष्णता देतो, तर हे यंत्र आपल्याकडच्या थंडीत तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट देतं. फक्त दुकानात एक लक्षात असू द्या: स्टार लेबलवरचा ‘आयसीर’ हा वीज-कार्यक्षमतेचा आकडा थंड करण्याच्या कामाचा आहे. गरम करताना यंत्र किती वीज खातं ते पुस्तिकेतल्या तक्त्यात वेगळं दिलेलं असतं, ते मागून घ्या.

किती टनाचा?

टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजेच सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. मधल्या मजल्यावरच्या १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरे. १५० ते १८० चौरस फुटांना दीड टन. पण खोली वरच्या मजल्यावर असेल, पश्चिमेची भिंत उघडी असेल, तर एक पायरी वर जा. सांगलीचा स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. एसी त्या स्लॅबशीच भांडत बसतो.

म्हणून एसीआधी गच्ची बघा. आम्ही मार्चमध्ये गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला, तेव्हा कुठे दुपारी स्लॅबवर अनवाणी उभं राहता यायला लागलं. पूर्वी लोक चुना मारायचे, तोही चालतो, दर वर्षी मारावा लागतो इतकंच. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, दाराखालची फट बंद. कौलारू घरात किंवा जुन्या वाड्याच्या माडीवर मात्र आधी खाली सीलिंग करून घ्या. कौलांच्या फटींतून थंड हवा निघून जाते, मग दोन टन आणलात तरी काही उपयोग नाही.

उगाच मोठा एसी घेऊ नका. खोली झटकन थंड करून तो बंद पडतो, हवेतला दमटपणा तसाच राहतो, आणि पावसाळ्यात अंथरूण ओलसर लागतं. इन्व्हर्टर एसी वेग कमी-जास्त करतो म्हणून हा त्रास कमी होतो, पण जात नाही.

लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. सांगलीत मार्च ते मे, रोज आठ तास लावला तर सव्वासातशे तास होतात. लेबलवर ८०० युनिट लिहिले असतील तर आपला उन्हाळा सुमारे ३६० युनिटांत निघतो, महिन्याला १२० च्या आसपास. गच्चीखालच्या खोलीत थोडे जास्त धरा. आणि लेबलवर कोणत्या वर्षाचं मानांकन आहे तेही वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात, जुन्या लेबलचे पाच तारे नव्या निकषात चारच भरू शकतात.

बाहेरचं युनिट

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. आम्ही दोन दिवस घातले.

पहिला दिवस नुसता ऊन बघण्यात गेला. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार, असं तीनदा घराभोवती फिरून कुठल्या भिंतीवर कधी ऊन येतं ते लिहिलं. लेबलवरची ताकद बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. एप्रिलमध्ये आपल्याकडे हवाच ३८ च्या पुढे जाते, आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीलगत त्याहून जास्त. तिथे लटकवलेलं युनिट विकत घेतलेली थंडी देणारच नाही. उत्तर किंवा पूर्वेची भिंत बरी. गच्चीवर ठेवायचं असेल तर वर सावली हवी, पण चारी बाजूंनी मोकळी. पत्र्याच्या पेटीत कोंडलं तर आपलीच गरम हवा परत ओढून घेतं.

मागे साधारण एक फूट आणि पुढे किमान दोन-तीन फूट मोकळी जागा ठेवा. नेमकी मापं पुस्तिकेत असतात. फ्लॅटच्या डक्टमध्ये युनिट टाकायचा मोह होतो, कारण बाहेरून दिसत नाही. एकाचं असेपर्यंत चालतं. चार मजल्यांच्या चौघांनी टाकली की खालच्याची गरम हवा वरच्याला, आणि मे महिन्यात सगळ्यात वरचा एसी धापा टाकत बंद.

गावभाग, सांगलवाडी, मारुती चौक, कर्नाळ रोड, म्हणजे पुराच्या पट्ट्यात घर असेल तर बाकी सगळं नंतर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण तुमच्या भिंतीवर २०१९ ची रेघ कुठे आहे ते बघा. आउटडोअर, स्टॅबिलायझर आणि एसीचा बोर्ड, तिन्ही त्या रेघेच्या वर हवेत. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा बोळातल्यांची युनिटं पुन्हा गेली, माडीच्या भिंतीवर टांगलेली तशीच राहिली. वर टांगलं तर पाइप दोन फूट लांबेल, लांबू दे.

वाड्यात आणखी एक पेच असतो, सामाईक भिंतीचा. भोक पाडण्याआधी चुलत भावाला सांगा, घरी जाऊन, चहा घेत. अपार्टमेंटमध्ये सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि गरम हवा कोणाच्या खिडकीवर, गॅलरीत जात नाही ना ते बघा. भाड्याचं घर असेल तर भोकाबद्दल मालकाशी आधीच बोललेलं बरं, डिपॉझिटमधून कापल्यावर नव्हे.

टांगायची भिंत कसली आहे? विटेची असेल तर चांगल्या फास्टनरवर ब्रॅकेट बसतं. नव्या इमारतींतल्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर हळूहळू सैल होतो. तिथे आरपार बोल्ट, मागे लोखंडी पट्टी. युनिटचं वजन २५ ते ३५ किलो असतं आणि वर कंपन. ब्रॅकेट आणि युनिटमध्ये रबरी पॅड टाकायला सांगा. आणि फिटरला उभं राहता येईल अशी जागा निवडा. पुढे दर वर्षी धुवायला माणूस तिथे पोचला पाहिजे. मार्केट यार्डाच्या बाजूला हळदीची धूळ, कारखान्याजवळ गाळपाच्या हंगामात चिपाडाची राख, दोन्ही आउटडोअरच्या पात्यांत बसतात.

गरम-थंडवाल्यांसाठी आणखी एक: हिवाळ्यात गरम मोडवर आउटडोअरमधून पाणी ठिबकतं, कारण त्या वेळी तोच थंड भाग असतो. युनिटच्या तळाला नळी जोडायचा तुकडा खोक्यात येतो, तो बहुतेक फिटर खोक्यातच ठेवून जातात. तो लावून घ्या, नाहीतर डिसेंबरमध्ये खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाळत घातलेल्या साड्या घेऊन वर येतील.

पाणी कुठे जाणार

एप्रिलमध्ये बसवलेला एसी जूनमध्ये का गळतो? चैत्रातली आपली दुपार कोरडी असते, ड्रेनमधून थेंब थेंब पाणी येतं. वळीव होऊन गेला, हवा दमट झाली की दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी काढतो. उताराची चूक तेव्हा उघडी पडते, आणि फिटर तोपर्यंत फोन उचलायचा बंद झालेला असतो.

नळीला दर दहा फुटांना किमान सव्वा इंच उतार हवा. मी दोन इंच ठेवला. मध्ये कुठेही नळी वर चढता कामा नये, झोळ पडता कामा नये. शेवटचं टोक बादलीत किंवा गटारात बुडवू नका, हवा अडकून पाणी मागे फिरतं. न्हाणीच्या जाळीच्या चार बोटं वर मोकळं सोडा. गटाराच्या पाइपला थेट जोडलं तर वास आणि झुरळं दोन्ही इनडोअरपर्यंत येतात. भिंतीतलं भोक अडीच इंची, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. जुन्या वाड्याची दीड-दोन फुटी दगडमातीची भिंत छिन्नी-हातोड्यानं फोडू देऊ नका, आतली माती ढासळते आणि भोक बादलीएवढं होतं. कोअर कटिंगवाला, म्हणजे यंत्रानं गोल भोक कापणारा, बोलवा.

हे पाणी कुंड्यांना घाला, खुशाल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र नको. दिसतं स्वच्छ, पण कॉइलवरची धूळ आणि धातू त्यात उतरलेले असतात.

वीज

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो आधी वाचा. दीड टनाचा एसी जोरात चालताना दीड ते पावणेदोन किलोवॉट घेतो. त्यात गिझर, इस्त्री आणि पाण्याची मोटर मिळवा. बेरीज मंजूर भाराच्या वर जात असेल तर भार वाढवायचा अर्ज आधीच करा, मेमध्ये नव्हे. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. एसीचे युनिट नेहमी तुमच्या वापराच्या वरच्या थरावर येऊन बसतात, म्हणून हिशेब करताना वरच्या टप्प्याचा दर धरा.

एसीला मुख्य बोर्डापासून वेगळी वायर हवी. दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र २० अँपियरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि घराला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच खर्चात तोही. जुन्या घरात अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते, तिच्यावर एसी चालवू नका. अर्थिंग ‘बल्ब लावून बघितलं, पेटला’ म्हणजे ठीक असं नसतं. वायरमनकडून मीटरनं मोजून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा त्यात पाणी ओतायचं लक्षात ठेवा.

स्टॅबिलायझर हवा का? खोक्यावर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं छापलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात व्होल्टेजची मर्यादा. आठवडाभर रात्री आठ ते दहा घरातलं व्होल्टेज मोजा. मर्यादेच्या आत राहिलं तर पैसे वाचवा. शेतीपंपांच्या लाइनवरचं घर, तासगाव-पलूसकडची वस्ती असेल तर घ्या. त्याच्या जाळीतून पाल आत शिरणार नाही असा बघून घ्या. पाल चिकटून सर्किट जळणं हा विनोद वाटतो, पण दुरुस्तीवाल्याला विचारा.

आता आतली भिंत

बाहेरची जागा, पाणी आणि वायर ठरली की आत एक-दोनच भिंती उरतात, आणि निवड आपोआप होते. पाइप जितका आखूड तितका बरा, पण पुस्तिकेत दिलेल्या किमान लांबीपेक्षा कमी नको. तीन ते पाच मीटर उत्तम. त्याहून लांबला तर जादा गॅस भरावा लागतो, आणि तो काट्यावर ग्रॅममध्ये मोजून, अंदाजानं नाही.

उंची सात-साडेसात फूट, वर छताला अर्धा फूट मोकळं, बाजूंना पाच-सहा इंच. हवा वरून आत ओढली जाते, त्यामुळे वर माळा किंवा पेलमेट नको. पलंगाच्या डोक्याशी नको, समोरून थेट अंगावरही नको. आईच्या खोलीत आम्ही पलंगाच्या लांबीला समांतर भिंत घेतली, हवा पायांवरून निघून जाते. फार उंच बसवायची हौस गरम-थंडला महाग पडते. थंड हवा आपोआप खाली उतरते, गरम हवा वर चढून छतालाच चिकटते. हिवाळ्यात पट्ट्या पूर्ण खाली वळवायच्या, उन्हाळ्यात आडव्या. टीव्हीवर किंवा स्विचबोर्डवर बसवू नका, कधीतरी ठिबकणारच.

ठरवलेल्या जागी वर्तमानपत्र युनिटच्या मापाचं कापून चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. आईनं पहिल्याच रात्री सांगितलं, “तिथं नको, कपाटाचं दार आपटंल.” आम्हाला सुचलंच नव्हतं.

फिटर येतो त्या दिवशी

शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत बोलवा. एप्रिलमध्ये त्याच्या मागे दिवसाला सात-आठ घरं असतात. ‘मोफत बसवून देऊ’मध्ये ब्रॅकेट, जादा पाइप, कोअर कटिंग, वायर हे काही नसतं. दर फुटाला किती ते आधी विचारा आणि काम संपल्यावर पाइप टेपनं मोजा. पाइप दोन सूत आणि चार सूत असे दोन येतात (काही मॉडेलना दुसरा तीन सूत). दोन्हींवर वेगवेगळं इन्सुलेशन हवं, एकाच नळीत दोन्ही कोंबू द्यायचे नाहीत.

खरा आग्रह एकाच गोष्टीचा धरा: व्हॅक्यूम पंप. पाइप जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल पंपानं ओढून काढायची असते, नाहीतर आत बाष्प राहून कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. आमच्याकडे आलेला पोरगा म्हणाला, “कशाला ओ काका, गॅसनं हवा ढकलली की झालं. सगळीकडं असंच करतोय की!” एसीतला आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील असतो, तो असा खोलीत सोडायचा नसतो, आणि त्यानं ओल निघतही नाही. मी म्हटलं, पंप आणेपर्यंत आम्ही जेवून घेतो, तूही ये जेवायला. तो तासाभरात पंप घेऊन आला. वीस मिनिटं पंप चालवला, मग बंद करून दहा मिनिटं दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतो का ते बघितलं. हलला असता तर जोड गळका. सांध्यांना साबणाचा फेस लावून पुन्हा तपासलं.

भिंतीच्या भोकात पीव्हीसीचा तुकडा घालून फट बुजवून घ्या. मुंग्या, पाली, पावसाचं पाणी, तिघांचा रस्ता तिथूनच असतो. बाहेरच्या इन्सुलेशनवर टेप हवा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो.

पैसे देण्याआधी

इनडोअरचं झाकण उघडून ट्रेमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओता. सगळं बाहेरच्या टोकातून आलं पाहिजे, आत एक थेंबही नाही. मग १८ अंशांवर वीस मिनिटं चालवून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा थर्मामीटरनं मोजा. दहा-बारा अंशांचा फरक पडला की काम ठीक. रोज मात्र २४ वर ठेवा, २०२० पासून एसी सुरू होताना त्याच आकड्यावर येतो तो उगाच नाही.

गरम मोडची गंमत अशी की उन्हाळ्यात तो तपासताच येत नाही. खोली ३४ अंशांवर, रिमोट जास्तीत जास्त ३० दाखवणार, मग यंत्र म्हणणार खोली आधीच गरम आहे. म्हणून बसवल्याच्या पावतीवर फिटरकडून लिहून घ्या: ‘गरम मोड तपासलेला नाही, डिसेंबरमध्ये तपासणे’. आम्ही तसं लिहून घेतलं होतं. डिसेंबरच्या एका पहाटे लावला तर पाच मिनिटं थंडच हवा. व्हॉल्व्हची वायर सैल होती, पावती दाखवल्यावर विनाखर्च जोडून दिली.

रिमोटवरचं सूर्याचं चिन्ह आईला चष्म्यातूनही दिसत नाही. मोडच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. हिवाळ्यात एकदा दाबायचा, होळी झाली की परत एकदा.